समुद्राकडे पाठ केलेलं घर

आमच्या घराला पाण्याच्या बाजूने एकच खिडकी होती आणि तीही कोठीच्या खोलीला. हातभर उंच, त्याहून कमी रुंद, लाकडी गज आणि बाहेरून झडप. बाकी सगळं घर जमिनीकडे तोंड करून बसलेलं. पडवी तिकडे, अंगण तिकडे, माणसांची ये-जा तिकडे. समुद्राच्या बाजूला एक दार सोडलं तर नुसती जाडजूड दगडी भिंत, तिच्यावर खाली ओढून घेतलेलं छप्पर, मग थोडी वाळू, थोडी झुडपं आणि पाणी. लहानपणी सुट्टीत आम्ही भावंडं इथे जमायचो तेव्हा दिवसभर पाण्यातच असायचो, त्यामुळे घरातून समुद्र दिसत नाही हे कधी कुणाला जाणवलंही नाही. घर दुरुस्तीला काढायचं ठरलं तेव्हा मात्र प्रत्येकाच्या तोंडून पहिलं वाक्य तेच निघालं : ती भिंत पाडून काच लावू.

आत्याने ऐकून घेतलं. त्या घरात बारा महिने राहणारी ती एकटीच. "समुद्र बघायचा तर बाहेर जाऊन बघावा," ती म्हणाली. "घरात बोलावला की जायचं नाव घेत नाही तो."

भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोवर चित्रं यायला लागली होती. पांढऱ्या भिंती, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या उशा, जहाजाच्या चाकात बसवलेलं घड्याळ, नांगराच्या आकाराच्या खुंट्या, दोराच्या वेटोळ्यातले आरसे, बरणीत भरलेले शिंपले. वहिनीने खाली लिहिलं, 'नॉटिकल थीम करू या ना!' चित्रं सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पण त्यातल्या एका खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या, आणि माझं लक्ष सारखं त्या टाक्यांकडे जायला लागलं. समुद्रापासून लांब राहणाऱ्याला भिंतीवर नांगर टांगावासा वाटतो, हे मी समजू शकते. आमच्या घराला समुद्राची आठवण करून द्यायची काय गरज? तो रोज रात्री कौलांवर, कड्यांवर, कपाटातल्या कपड्यांवर येऊन बसतच होता.

आणि तरीही जहाजाची कल्पना मला सोडवेना. खाऱ्या हवेत, ओलीत, अपुऱ्या जागेत माणसांनी शेकडो वर्षं ज्यात संसार थाटला अशी वस्तू एकच, ती म्हणजे जहाज. तेव्हा शिकायचं तर त्याच्याकडूनच शिकावं. फक्त त्याचा पोशाख उचलायचा की अक्कल, एवढाच प्रश्न होता.

पोशाखाची गोष्ट तशी मजेशीर आहे. तो गडद निळा रंग ब्रिटिश आरमाराने १७४८ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांच्या गणवेशासाठी ठरवला, म्हणून तो 'नेव्ही ब्ल्यू'. पट्टे आले फ्रेंच आरमाराच्या १८५८ च्या हुकमातून. खलाशाच्या सदऱ्यावर एकवीस पांढरे पट्टे, आणि निळे त्यांच्या निम्म्या रुंदीचे. म्हणजे ज्यांना आपण समुद्राचे रंग म्हणतो ते खरं तर आरमारी शिंप्यांचे. आमच्यासमोरचा समुद्र वर्षातले कितीतरी महिने मातकटच असतो.

जहाजासारखं घर बांधण्याची हौस १९२० नंतरच्या दोन दशकांत जगभर पसरली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या ज्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, त्यांचे गोलसर कोपरे आणि डेकच्या कठड्यासारख्या गॅलऱ्या त्याच लाटेतल्या. पण मला अडवलं ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका घराने. रोकब्रून-काप-मार्तँ इथलं ते घर आयलीन ग्रे या आयरिश कलावतीने वास्तुरचनाकार जाँ बादोविचीसाठी १९२६ ते १९२९ या काळात बांधलं, आणि त्याला नाव दिलं 'ई-१०२७'. त्याच्या कठड्याला जहाजावरच्यासारखं जाड कापड आहे, टांगलेलं जीवरक्षक कडं आहे, दिवाणखान्याच्या भिंतीवर सागरी नकाशाही आहे. म्हणजे पोशाख तिनेही घेतला. पण आत गेलं की कळतं, तिचा जीव दुसरीकडेच होता. खीळ फिरवून कमी-जास्त उंचीची होणारी टेबलं, भिंतीत बसवलेली कपाटं, आडवे फिरून उघडणारे खण. केबिनमध्ये राहणाऱ्या माणसाचा हात कुठवर पोचतो, याचा तिने विचार केला होता. (पुढे विख्यात वास्तुरचनाकार ले कॉर्बुझिएने तिला न विचारता त्या घराच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवली. मोठी माणसं पाहुणचाराला गेली की असंही करतात.)

तर आमची भिंत.

कधीतरी, बहुधा बाबांच्या तरुणपणी, त्या दगड-चुन्याच्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला आणि वर तैलरंगाचे हात दिले. तेव्हा ती मजबुती वाटली असणार. पण भिंतीला लोणा, म्हणजे मिठाचा फुलोरा, लागायचा तो लागतच राहिला. फुगे धरायचे, पापुद्रे निघायचे, आत्या खाली वर्तमानपत्र पसरायची. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. हवा कोरडी झाली की त्याचे पुन्हा स्फटिक होतात. समुद्रकाठी ही ये-जा वर्षभर चालते. दगडाच्या आणि चुन्याच्या बारीक छिद्रांत दर वेळी स्फटिक वाढतात आणि भोवतालचा कण न् कण ढकलतात. भिंत उघडी असती तर पाणी बाहेर पडून मीठ पृष्ठभागावर आलं असतं, झाडून टाकता आलं असतं. सिमेंट आणि तैलरंगाने ती वाट बंद केली, तेव्हा सगळा कारभार गिलाव्याच्या मागे सुरू झाला. गिलावा खरवडला तेव्हा मागून ओंजळीने पांढरी भुकटी निघाली. आत्याने चिमटीत घेऊन जिभेला लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

एका ठेकेदाराने त्यावर वॉटरप्रूफ पुट्टी सुचवली. दुसऱ्याने टाइल. दोन्हींचा अर्थ तोच, झाकण आणखी घट्ट लावायचं. आम्ही भिंत कोरड्या ब्रशने झाडली, पाण्याने धुतली नाही, कारण धुतलं की मीठ विरघळून आणखी खोल जातं. मग कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून त्याचा लेप भिंतीला दिला. लेप वाळताना भिंतीतली ओल आणि तिच्याबरोबर मीठ आपल्याकडे ओढून घेतो, मग तो काढून फेकायचा आणि पुन्हा नवा द्यायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. ग्रुपवर त्या आठवड्यांत शांतता होती. शेवटी चुन्याचा गिलावा केला. तोही कायमचा नाही. मीठ उरलेलंच आहे, ते चुन्याला कुरतडणार, आणि काही वर्षांनी गिलावा बदलावा लागणार. दगड वाचावा म्हणून चुन्याने झिजायचं, अशी ती योजना आहे. पांढरा रंग तेवढा चित्रांतल्यासारखाच आला. वहिनी खूश.

मागाहून बांधलेल्या न्हाणीघराच्या स्लॅबची कथा थोडक्यात सांगते. काँक्रीटमधल्या सळीला काँक्रीटचा अल्कधर्मी गुण सांभाळत असतो. मिठातलं क्लोराइड आत शिरलं की ते संरक्षण मोडतं, सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फुटतं. आमचं फुटलं होतं. स्लॅब उतरवला आणि लाकडी वाशांवर कौलं घातली.

धातूंवर मात्र मी गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला, आणि मला ते आवडलं. दुकानदाराला विचारलं की हे स्टील गंजेल का, तर तो म्हणतो, "मॅडम, स्टेनलेस आहे." पण स्टेनलेसच्या घराण्यात भाऊ-भाऊ वेगळे असतात. स्वयंपाकघरात सगळीकडे दिसणारं ते ३०४. समुद्राच्या हवेत त्याच्यावर चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग उमटतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खारट हवेत बरंच जास्त टिकतं. त्यालाही अधूनमधून गोड्या पाण्याने पुसावं लागतंच.

त्याहून मोठा घोळ दोन धातू एकत्र आले की होतो. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे समुद्री किडे आणि शेवाळ यांपासून बचाव व्हावा, हा हेतू. दोनेक वर्षांनी नौका वर काढून पाहिली तर तांबं ठणठणीत, पण पत्रे आणि फळ्या धरून ठेवणारे लोखंडी खिळे खाऊन गेलेले. गंमत अशी, की पत्र्यांचं पॅकिंग म्हणून आलेला खाकी कागद जिथे चुकून मधे राहून गेला होता तिथले खिळे शाबूत होते. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकले की विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि त्यात लोखंड झिजतं. कागदाने ती गाठभेट होऊ दिली नव्हती, इतकंच. पुढे १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने हेच उलटं वापरलं. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे मुद्दाम जोडायचे, म्हणजे झिजायचं ते त्यांनी झिजावं. तांबं वाचलं खरं, पण ते विरघळेना तशी त्यावर शिंपले-शेवाळं जमायला लागली, कारण तांब्याचं ते थोडं थोडं विरघळणंच त्यांना दूर ठेवत होतं. आजच्या बऱ्याच पोलादी जहाजांच्या तळाला मात्र जस्ताचे ठोकळे असतात.

आमच्या जुन्या दारांची गोष्ट हीच निघाली. बिजागऱ्या पितळी, चांगल्या जाड, आणि त्यांना कुणी तरी दुरुस्तीत लोखंडी स्क्रू मारलेले. बिजागरी तशीच आणि स्क्रूंच्या जागी लालसर माती. पितळेला पितळी स्क्रू मारले, दार सरळ झालं. जिथे दोन धातू टाळता येईनात तिथे मधे नायलॉनची चकती घातली, खाकी कागदाची आठवण ठेवून. विजेच्या तारा नव्याने ओढताना बोटींसाठी मिळते ती कल्हई केलेली तांब्याची तार घेतली, कारण नुसतं तांबं या हवेत जोडणीपाशी हिरवं-काळं पडतं. हे सगळं भिंतीच्या आत गेलं. 'थीम' म्हणून विचाराल तर घरातली सगळ्यात अस्सल जहाजी वस्तू ही तार आहे, आणि ती कुणालाही दिसत नाही.

लाकडाचं काम एका सुतारकाकांनी केलं. त्यांचं आयुष्य लाकडी होड्या बांधण्यात गेलेलं, घरं त्यांनी फारशी केली नव्हती. कपाटांचं चित्र दाखवलं तर त्यांनी विचारलं, "ताई, ह्याला श्वास कुठून?" कपाटाच्या सगळ्या दारांना गुळगुळीत सपाट पृष्ठभाग होता, चित्रात फार देखणा. "होडीत हवा कोंडली की लाकूड मेलंच समजा. वर-खाली भोकं द्या नाहीतर पट्ट्यांची दारं करा." पट्ट्यांची दारं केली, काहींना वेताची जाळी. कपाटांची पाठ बाहेरच्या भिंतीला टेकवली नाही, मधे चार बोटं जागा सोडली. गाद्यांखाली फळी न घालता पट्ट्या घातल्या. पूर्वी पावसाळ्यात कपाट उघडलं की जो कुबट वास नाकात शिरायचा तो कमी झाला. गेला असं म्हणणार नाही.

जहाजावरच्या फर्निचरच्या बऱ्याच युक्त्या डोलण्यासाठी असतात. टेबलाला उंच काठ, म्हणजे ताटल्या घसरू नयेत. किंचित उचलल्याशिवाय न उघडणारे खण. चालवाटेला दोन्ही बाजूंनी धरायला दांडे. आमचं घर काही डोलत नाही, तेव्हा हे सोडून द्यावं असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. मग एकदा रात्री आत्याला न्हाणीघराकडे जाताना पाहिलं. हात भिंतीवरून सरकवत, दाराच्या चौकटीला धरून, मधे क्षणभर थांबून. जमीन डोलत नव्हती, पण तिच्यापुरती डोलतच होती. ज्याचा तोल जाऊ शकतो अशा माणसासाठी सगळं घर आखायचं हे जहाज बांधणाऱ्यांना जितकं कळलंय तितकं घर बांधणाऱ्यांना कळलेलं नाही, असं मला तेव्हापासून वाटतं. मग खोलीपासून न्हाणीघरापर्यंत सागवानी दांडा आला, मुठीत मावेल असा, भिंतीपासून पुरेसा सुटा. उशाकडच्या टेबलाला उंच काठ आला, म्हणजे अंधारात चाचपताना चष्मा खाली जाणार नाही. टेबलांचे आणि कट्ट्यांचे कोपरे गोल झाले. वहिनीला ते सगळं 'किती नॉटिकल!' वाटलं. आत्याला त्या शब्दाशी देणं-घेणं नाही, ती दांडा धरते.

उंबरठ्यापाशी मात्र जहाज आणि म्हातारपण यांचं जमेना. जहाजाच्या दाराला उंच काठ असतो, आत लाट येऊ नये म्हणून. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तोच काठ शत्रू. आतल्या खोल्यांचे उंबरठे काढले. पाण्याकडच्या दाराचा ठेवला, कारण उधाणाच्या भरतीला पावसाची जोड मिळाली की पाणी कुठवर येतं याची खूण जोत्यावर स्पष्ट दिसते. त्या दारातून आत्या आता जात नाही, वळसा घालून जाते. याला तोडगा मला सापडलेला नाही.

जिन्याला आधाराला दोर हवा, हा दादाचा हट्ट होता. चित्रातले दोर जाड, पांढरेशुभ्र, सुती. सुतारकाकांनी बोटाने दाबून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हा भिजून कुजणार." त्यांनी काथ्याचा आणला. नारळाचा काथ्या खाऱ्या पाण्याला चांगला टिकतो, म्हणून दर्यावर्दी लोक तो पूर्वापार वापरत आले. रंगाने मळकट, हाताला खरखरीत, आणि ओल्या तळव्यातूनही न सटकणारा.

गोल खिडकीवरून दादाशी माझं भांडणच झालं. जहाजाला गोल खिडकी का, तर चौकोनी भोकाच्या कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथून चीर जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या वेल्डिंग केलेल्या 'लिबर्टी' नावाच्या मालवाहू जहाजांना डेकवरच्या चौकोनी तोंडांच्या कोपऱ्यांपासून चिरा गेल्या होत्या. दगडी भिंतीला, जी जागची हलत नाही, हे दुखणं नाही; तिला सरळ तुळई आणि चौकोनी खिडकीच बरी. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला आवडते. बास." यावर काय बोलणार? जिन्याच्या वळणावर एक गोल खिडकी आहे. सकाळी तिचा उजेड पायऱ्यांवरून सरकत खाली येतो. कारण काही नाही, पण सुरेख दिसतो.

मोठ्या काचेचं मात्र झालं नाही. दादा आणि दोन भावंडं शेवटपर्यंत काचेच्या बाजूने होती. दोन गोष्टींनी निकाल लावला. एक, भिंत छपराचा भार घेऊन उभी होती. दुसरी, आत्याच्या सांगण्यावरून मी कोठीच्या खिडकीत एक जुना आरसा ठेवून दिला होता. वारा सुटला की दिवस-दोन दिवसांत त्यावर मिठाचं पटल चढायचं, चेहरा धुकट दिसायचा. एवढी मोठी काच बाहेरून पुसायला माणूस कुठे उभा राहणार, हे दादाने आरशाकडे पाहत स्वतःच विचारलं.

त्याऐवजी जाड भिंतीत दोन खिडक्या पाडल्या, बेताच्या, बाहेरून झडपा असलेल्या. त्यांच्या बरोबर समोर जमिनीकडच्या भिंतीतही खिडक्या ठेवल्या. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून जातात. दोघांनाही आरपार वाट मिळाली आणि पंखा लावायची वेळ कमी आली. जहाजाचा डेक मधे किंचित फुगीर असतो, पाणी दोन्हीकडे वाहून जावं म्हणून. तसा खिडकीच्या पाटाला बाहेर उतार दिला आणि त्याच्या काठाखाली एक बारीक खाच, म्हणजे पागोळी भिंतीकडे न वळता तिथूनच गळावी. चौकटींना जे वॉर्निश दिलं ते मूळचं डोलकाठ्यांसाठी बनलेलं. काठी वाऱ्यात वाकते, म्हणून त्याचा थरही तडा न जाता वाकायला हवा. भिंतीच्या जाडीमुळे खिडकीत आपोआप बैठक तयार झाली. पाय लांब करून एक माणूस आरामात मावतो, दुसरा आला तर पहिल्याला उठावं लागतं. सुट्टीत तिच्यासाठी मारामारी असते.

या सगळ्यात जहाजाकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट होती, ती कुणीच ग्रुपवर टाकली नव्हती. जहाजावर रोज कुणीतरी काहीतरी घासत, पुसत, रंगवत असतं, आणि ते काम कधी संपावं अशी कुणाची अपेक्षा नसते. आत्याने पितळी कड्या पाहिल्याबरोबर विचारलं होतं, "हे घासणार कोण?" तेव्हा सगळे दुसरीकडे पाहत होते. आता स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला तक्ता लावलाय. कड्या आणि बिजागऱ्या गोड्या पाण्याने पुसणं, पावसाच्या आधी झडपांना तेल, वॉर्निशचा हात, भिंतीवरच्या मिठाची झाडपूस, छपराच्या पन्हळी. प्रत्येक कामापुढे महिना आणि महिन्यापुढे नाव. आत्याने स्वतःच्या हाताने नावं लिहिली आहेत, स्वतःचं सोडून. दादाने पहिल्याच पाळीला वहिनीचं नाव पुढे केलं. वहिनीने ते खोडलंय.